‘वाया गेलेले’ हात

मुलगा पेटी शिकतो, विशारदपर्यंत परीक्षा देतो आणि एके दिवशी लाखांदूर, साकोलीकडच्या एखाद्या गावी झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवर बसतो. ‘येवढं शिकून शेवटी हेच काय?’ हा घरातला प्रश्न भंडारा जिल्ह्याला नवा नाही. शास्त्रीय संगीत ही माडी आणि बाकीचे सारे अंगण, असे आपण धरून चाललो आहोत. माडीवरचा माणूस अंगणात आला की तो वाया गेला!

हा समज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील युनिस वेमन या कृष्णवर्णीय मुलीला बाख वाजवणारी मैफलीची पियानोवादक व्हायचे होते. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. कारण आपला वर्ण, असे ती शेवटपर्यंत मानत राहिली. १९५४ मध्ये पोटासाठी ती अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानोवर बसली आणि धर्मोपदेशक आईला कळू नये म्हणून तिने नाव घेतले नीना सिमोन. जाझकडे वळताना तिने बाख टाकला नाही. पहिल्याच तबकडीत, एका प्रेमगीताच्या मधोमध, तिचे दोन हात बाखच्या रीतीने एकमेकांचा पाठलाग करू लागतात. त्याच कर्टिसने २००३ मध्ये, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, तिला मानद पदवी दिली. उशिरा सुचलेले शहाणपण, दुसरे काय?

खरे तर पाश्चात्त्य वादकालाच ही वाट अवघड. लिहिलेले सूर तसेच्या तसे वाजवण्यात त्याची वर्षे जातात; जाझमध्ये तो कागद बाजूला सारून क्षणोक्षणी नवे रचावे लागते. आपल्या गवयाला उपज नवी नाही. त्याची अडचण वेगळी. त्याचा षड्ज जागचा हलत नाही, जाझमध्ये मात्र कॉर्ड पदोपदी बदलतात. सी. रामचंद्रांनी यातून वाट काढली. नागपूरला शंकरराव सप्रे, पुण्याला विनायकबुवा पटवर्धन अशी त्यांची तालीम. पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते पेटी वाजवत. १९५१ च्या ‘अलबेला’साठी त्यांनी चिक चॉकलेट या गोव्याच्या जाझ ट्रंपेटवादकाची मदत घेतली. चाल आपली, बाज जाझचा! आणि त्याच चित्रपटात रागदारीच्या अंगाने जाणारे अंगाईगीतही आहे. गुरुजनांकडून मिळालेले काय वाया गेले?

झाडीपट्टीचा ऑर्गनवाला याच वाटेवरचा. धान निघाल्यावर सुरू होणाऱ्या या नाटकांत रात्रभर त्याला नाट्यपद, लावणी, सिनेमाची चाल, सारेच वाजवावे लागते. नटाचा सूर चढला तर पट्टी बदलायची, एखादा पात्र प्रवेशाला उशिरा आले तर ती जागा भरून काढायची. हे कुठल्या विशारदच्या अभ्यासक्रमात आहे? तालुक्यातल्या संगीतवर्गांनी या वादकांना वर्षातून चार दिवस तरी शिकवायला बोलवावे. रोवणी आटोपली की त्यांना सवडही असते.