कोरडा बोअर कोणाच्या माथी?



बोअर मारण्याचा अनुभव आपल्या कार्यक्षेत्रात कोणाला नाही? पाणाड्याला बोलवायचे, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की तिथे दगड रोवायचा, रात्री रिगची गाडी यायची आणि घरातली सगळी माणसे बांधावर बसून राहायची. दोनशे फूट गेले तरी धूळच उडते. घरधनी म्हणतो, अजून पन्नास मारा. पुन्हा धूळच. सकाळी गाडी निघून जाते. तिचे पैसे फुटावर ठरलेले असतात. पाणी लागो की न लागो, ते मोजावेच लागतात. मग सोसायटीचे कर्ज, नाही तर बायकोच्या अंगावरचे डोरले. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले म्हणून आपण मारला, एवढाच काय तो आपला गुन्हा.

ही कथा आज सांगण्याचे कारण निराळे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे, म्हणजे जमिनीच्या पोटातील उष्णतेचे, राष्ट्रीय धोरण जाहीर केले. आपल्या पारावर त्याची चर्चा झाली नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. आपल्याकडे घरे तापवावी लागत नाहीत. पण हा विषय मुळात बोअरचा आहे आणि उष्णतेचा आहे. या दोन्हींतले आपल्याला थोडेफार कळते. म्हणून आमचे मत सभासदांपुढे ठेवीत आहोत.

ऊर्जा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीज येते. परंतु जगात माणूस जी ऊर्जा वापरतो, तिच्यातली सुमारे निम्मी उष्णता म्हणूनच खर्च होते. घरे तापवणे, पाणी तापवणे, कारखान्यातली वाफ. कारखान्याच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या बॉयलरमध्ये चिपाड जळते ते काही केवळ दिवे लावण्यासाठी नव्हे. रस तापवून आटवल्याशिवाय साखर होत नाही. थंड देशांत हीच उष्णता घरोघर लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी कोळसा, तेल आणि वायू जाळून मिळवली जाते. हवामान बिघडू द्यायचे नसेल तर नुसत्या पवनचक्क्या उभारून भागणार नाही. ही शेगडीही बदलावी लागेल.

ती बदलून दाखवली आइसलँडने. उत्तर ध्रुववृत्ताजवळचे हे बेट. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. राजधानी रेक्याविक. तिथल्या बायका पूर्वी गावाबाहेरच्या उकळत्या झऱ्यांवर धुणी वाहून नेत. त्याच झऱ्यांपाशी बोअर मारून १९३० मध्ये सुमारे ३ किलोमीटर नळ टाकले गेले आणि एक शाळा, एक पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरे त्या पाण्याने तापू लागली. पुढे १९४३ मध्ये लांबून पाणी आणून शहराचा मोठा भाग जोडला. तरीही १९७० च्या सुमारास देशातली जवळजवळ निम्मी माणसे घर तापवायला आयात तेलच जाळत होती.

जुन्या सभासदांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. त्याच्या पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झाले आणि जगभर तेल भडकले. आपल्याकडे रॉकेलच्या रांगा लागल्या, तिकडे थंडीने जीव जायची पाळी. आइसलँडच्या सरकारने आधी तेलावर अनुदान दिले. पण अनुदान म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. ओतावे तितके कमीच. तेव्हा त्यांनी ठरवले की पैसा तेलात जाळण्यापेक्षा जमिनीत घालू. आज त्या देशातली दहांपैकी नऊ घरे भूगर्भातल्या पाण्याने तापतात. देइल्दारतुंगुक्वेर नावाच्या झऱ्याचे सुमारे ९७ अंशांचे पाणी ६४ किलोमीटर नळाने समुद्रकाठच्या आक्रानेस गावी नेले आहे. आपल्या उपसा जलसिंचन योजनांच्या पाइपलाइनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कामाची कल्पना येईल.

लोक म्हणतील, तो ज्वालामुखींचा देश, त्यांना देवानेच दिले. देवाने दिले हे खरे, पण देवाने तर १८७० सालीही दिलेले होते. मग १९७० पर्यंत निम्मे लोक तेल का जाळत होते? आमच्या मते प्रश्न उष्णतेचा नव्हता. कोरड्या बोअरचा होता.

एखादी लहान नगरपालिका किंवा चार शेतकरी हजार-दोन हजार मीटर खोल भोक पाडायला निघाले, आणि खाली गरम पाणी लागलेच नाही, तर त्या गावाने करायचे काय? हा बोअर म्हणजे काही दोनशे फुटांचा नव्हे. एका फटक्यात गाव कर्जात बुडेल. म्हणून कोणी पुढे येत नाही, आणि बँक तर दारातही उभी करीत नाही. आइसलँडने यावर साधा तोडगा काढला. १९६७ पासून त्यांचा राष्ट्रीय ऊर्जा निधी आहे. त्यातून बोअरसाठी कर्ज मिळे. पाणी लागले तर कर्ज फेडायचे. न लागले तर तेच कर्ज अनुदान समजून सोडून द्यायचे. म्हणजे कोरडा बोअर एका गावाच्या माथी न मारता साऱ्या देशाने वाटून घेतला. आमच्या मते त्या देशाची खरी कमाई झऱ्यांपेक्षा या कलमात आहे.

ज्वालामुखी नसलेल्या देशांनीही हीच वाट धरली. पॅरिस शहराच्या आसपास दीड ते दोन हजार मीटरवर गरम, खारट पाण्याचा थर आहे. तिथे दोन बोअर मारतात. एकातून गरम पाणी वर घेतात, त्याची उष्णता घरांच्या नळांतल्या पाण्याला देतात आणि गार झालेले पाणी दुसऱ्या बोअरने पुन्हा खाली सोडतात. आपल्या कारखान्यात वाफेचे पाणी होऊन ते पुन्हा बॉयलरकडे येते, तसाच हा फेरा. मेलाँ या गावी १९६९ मध्ये अशी पहिली जोडी झाली. तेलाच्या टंचाईनंतर १९८० च्या दशकात अशा योजना भराभर निघाल्या आणि त्याच सुमारास सरकारने हमी निधी उभा केला. योजनांनी त्यात वर्गणी भरायची. कोणाचा बोअर फसला तर निधीने भरपाई करायची. पुढे खाऱ्या पाण्याने लोखंडी नळ खाल्ले, १९८६ मध्ये तेलही स्वस्त झाले, आणि बऱ्याच योजना बंद पडल्या. पण ज्या तगल्या त्यांच्या पाठीशी हा निधी होता, कारण त्याची हमी बोअर मारण्याच्या दिवसापुरती नव्हती; पुढच्या वर्षांतले नुकसानही त्यात धरलेले होते. आज पॅरिसच्या परिसरात अशा सुमारे पन्नास योजनांतून घरे तापतात.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, कारण ते शेतकऱ्यांचे आहे. नेदरलँड्समध्ये काचघरांत टोमॅटो पिकवतात, आणि ती काचघरे थंडीत वायू जाळून तापवावी लागतात. २००७ मध्ये ब्लाइस्वाइक गावच्या एका टोमॅटोवाल्याने स्वतःसाठी खोल बोअर मारला व तो लागला. त्याचे पाहून इतरांना हुरूप आला, पण हिंमत होईना. तेव्हा सरकारने २००९ मध्ये हमी योजना आणली. शेतकऱ्याने ठरावीक हप्ता भरायचा. अंदाजापेक्षा कमी उष्णता मिळाली तर भरपाई मिळायची. पीक विम्यासारखेच म्हणा ना, फक्त पीक जमिनीखालचे. पुढे तिथे अशा योजना वाढल्या त्या मुख्यतः काचघरवाल्यांच्याच.

या ऊर्जेचे दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर आमचे लिहिणे एकतर्फी होईल. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे २००६ मध्ये खोल खडकात मोठ्या दाबाने पाणी सोडले, तेव्हा ३.४ क्षमतेचा भूकंप झाला व योजना गुंडाळावी लागली. जर्मनीतील श्टाउफेन गावी २००७ मध्ये नगरपालिकेची इमारत तापवण्यासाठी बोअर मारले. ते जमिनीतल्या एका खनिज थरातून गेले, त्या थराला पाणी लागले, तो फुगून जिप्सम झाला आणि गावाखालची जमीनच वर उचलली गेली. अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले. म्हणून आम्ही म्हणतो की हमी द्यावी, पण आधी भूगर्भाची नीट तपासणी करूनच. पाणाड्याच्या नारळावर सरकारी पैसा लावू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात ३८१ उष्ण झऱ्यांची नोंद केली आहे आणि १०,६०० मेगावॅट क्षमतेचा अंदाज दिला आहे. सर्वांत आशेची जागा लडाखमधील पुगा खोरे. तिथे १९७० च्या दशकातच सरकारी बोअर झाले होते. त्यानंतर प्रत्यक्ष वीजकेंद्रासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा करार झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. मध्ये एक अख्खी पिढी गेली. २०२२ मध्ये काम सुरू झाले, तर बोअरचे पाणी पुग्याच्या ओढ्यात गेल्याने स्थानिक लोकांनी हरकत घेतली. त्यांचे काय चुकले? गुरे-मेंढ्या त्याच ओढ्यावर जगतात. गावाला विश्वासात न घेता गावाखाली भोक पाडणे हे कोणत्याही धोरणात बसता कामा नये.

लडाखच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या माणसाला विजेच्या आकड्यांपेक्षा गरम खोली हवी आहे, आणि दोन वाफे भाजी पिकेल असे उबदार छप्पर हवे आहे. आजचे त्याचे जळण म्हणजे डोंगर ओलांडून आलेले डिझेल-रॉकेल, नाही तर शेण. म्हणून आमचे म्हणणे असे की या धोरणात विजेइतकाच मान घर तापवण्याला मिळावा. मेगावॅट मोजणे सोपे असते, म्हणून सरकार तेवढेच मोजते. ऊब मोजायला कोणी बसत नाही.

महाराष्ट्रातही वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. या उष्णतेवर साखर कारखाना चालणार नाही, तशी वेडी आशा कोणी धरू नये. पण आमसूल, मासळी, फणसाचे गरे वाळवण्याइतकी ऊब त्यात असू शकते. आज आंघोळ करून लोक परत येतात, तेवढाच उपयोग. कोकणातल्या एखाद्या सोसायटीने हे करून पाहायचे मनात आणले, तर पहिल्या बोअरचा तोटा तिने एकटीने का सोसावा?

शेवटी आपल्या घरचा दाखला. प्रवरानगरला शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ चा पहिला हंगाम झाला, तेव्हा कारखानदारी हाही एक बोअरच होता. यंत्रे चालतील की नाही, ऊस पुरेल की नाही, कोणाला ठाऊक होते? शेतकऱ्यांनी भाग घेतले, सरकारनेही भाग घेतले, आणि जोखीम वाटली गेली म्हणून वाट पडली. पुढचे कारखाने त्याच वाटेने आले. पुढे सरकारी हमीचा काही ठिकाणी गैरवापर झाला, कर्जे थकली आणि सरकारच्या तिजोरीवर बोजा पडला, हेही आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हा हमी म्हणजे फुकट पैसा नव्हे, हे सहकारातल्या माणसाने तरी विसरू नये. ज्याला हमी त्याचा हिशेब उघडा. फसलेल्या बोअरची माहितीही सर्वांना खुली, म्हणजे दुसरा त्याच जागी भोक पाडणार नाही. ज्याला पाणी लागले त्याने निधीत परत घालायचे, म्हणजे पुढच्याची सोय होईल.

या धोरणाची कसोटी आमच्या मते एकच आहे. कागदावर किती मेगावॅट लिहिले ते आम्ही विचारणार नाही. पहिला बोअर कोरडा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावाच्या दारात कोण उभे राहणार, एवढेच विचारू. आइसलँडने, फ्रान्सने, नेदरलँड्सने याचे उत्तर आधी ठरवले आणि मग रिग बोलावली. आपण रिग आधी बोलावली, तर तीच रात्र, तीच धूळ आणि तेच डोरले.

सभासदांनी यावर विचार करावा. आमचे म्हणणे पटत नसेल तर तसे अवश्य लिहावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवू.