म्हादई आणि न्यायालयाची चार दारे

म्हादईचा विषय निघाला की ‘सर्वोच्च न्यायालयात पाहून घेऊ’ असे आमचे राज्यकर्ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. टाळ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु त्या न्यायालयाची दारे अनेक आहेत, व हाती काय पडणार हे आपण कोणत्या दाराने आत गेलो यावर पुष्कळसे अवलंबून असते. हा भेद जनतेने नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

पहिले दार मूळ अधिकारक्षेत्राचे. राज्याराज्यांतील तंटा घटनेच्या 131व्या कलमान्वये थेट याच न्यायालयापुढे येतो. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने 2004 साली लावलेला दावा या दाराने गेला. दोन दशके उलटली तरी त्याचा निकाल नाही. दुसरे दार 32व्या कलमाचे. मूलभूत हक्कांवर घाला आलेल्या नागरिकासाठी ते उघडे असते. तिसरे दार सल्ल्याचे. 143व्या कलमाखाली राष्ट्रपती न्यायालयाचे मत मागू शकतात, पण ते दिलेच पाहिजे असे बंधन नाही. अयोध्येसंबंधीचा असा एक प्रश्न 1994 साली न्यायालयाने उत्तर न देताच परत केला. चौथे दार अपिलाचे.

यांपैकी पहिले दार नदीच्या पाण्याच्या वाटणीपुरते बंद आहे. घटनेच्या 262व्या कलमाने संसदेस तसा अधिकार दिला व 1956च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याने तो वापरला. वाटणी करावयाची ती लवादाने. म्हणूनच 2006 साली गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला तो लवाद नेमला जावा यासाठी. 2010 साली लवाद आला आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकाच्या पदरात 13.42 अब्ज घनफूट पाणी पडले. त्यांतील 3.9 अब्ज घनफूट कळसा व भांडुरा नाल्यांवाटे मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्यासाठी आहे.

लवादाच्या निवाड्यावर अपीलही चालणार नाही, असा युक्तिवाद कावेरी प्रकरणी झाला होता. डिसेंबर 2016मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. 136व्या कलमाचा आपला अधिकार साधा कायदा हिरावून घेऊ शकत नाही, असे त्याने ठरविले आणि 2018 साली कर्नाटकाचा वाटा 14.75 अब्ज घनफुटांनी वाढविला. गोव्याची विशेष अनुमती याचिका याच वाटेने आत गेली आहे.

मात्र या दाराचे नावच बोलके आहे. ‘अनुमती’ हा पक्षकाराचा हक्क नव्हे. ती न्यायालयाची विवेकबुद्धी होय. शिवाय अपिलात निवाडा तपासला जातो तो मुख्यतः लवादापुढे आलेल्या पुराव्यावर. तेव्हा तेथे भावना नव्हे, नदीच्या प्रवाहाची मोजमापे व कागदपत्रे बोलणार. कावेरीचा निकाल आणखी एक गोष्ट शिकवितो: तेथे वाटा वाढला, तसा तो घटूही शकतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्याही याचिका तेथे आहेत, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान घटना थांबलेल्या नाहीत. फेब्रुवारी 2020मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. डिसेंबर 2022मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालास मान्यता दिली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांनी सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे एकवार पाहावे. सरकारने याचिकेची सद्यःस्थिती आणि आपली तयारी विधानसभेपुढे ठेवावी, ही आमची मागणी आहे. पाणी एकदा वळले की मागाहून आलेला निकाल कितीही अनुकूल असो, सत्तरीच्या कोरड्या पात्राला त्याचा काय उपयोग?