ठेव ग्राहकाची, पेढी दिवाळखोराची

एखादी कंपनी दिवाळखोरीत निघाली की तिचे भागधारक, धनको आणि कामगार यांचे काय होणार, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. आणि ते योग्यच आहे. परंतु लोकांनी विश्वासाने त्या कंपनीच्या स्वाधीन जे केलेले असते त्याचे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. २ जुलै २०२४ रोजी शेपवेज या छपाई कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा हाच प्रश्न देशोदेशींच्या छंदवेड्या माणसांपुढे उभा राहिला. तो केवळ त्यांच्यापुरता नाही, म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

ही छपाई कागदावरची नव्हे. ग्राहकाने संगणकावर वस्तूचा आराखडा तयार करावयाचा, तो इंटरनेटवरून कंपनीकडे धाडावयाचा आणि कंपनीने त्याबरहुकूम वस्तू घडवून घरपोच करावयाची, असा हा व्यवहार. नायलॉनच्या भुकटीचा पातळ थर पसरावयाचा, वस्तू जेथे भरीव हवी तेथे लेसरच्या किरणाने ती भुकटी सांधावयाची, त्यावर पुढचा थर पसरावयाचा. असे थरावर थर चढत वस्तू आकार घेते. पितळेची वस्तू हवी असेल तर आधी तिची मेणाची प्रतिकृती छापली जाई, तिच्याभोवती साचा केला जाई आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओतला जाई. आपल्याकडच्या मूर्तिकारांना ही रीत शतकानुशतके ठाऊक आहे. येथे महागड्या पोलादी साच्याचा खर्च नाही. त्यामुळे एकच नग करावयाचा असला तरी तो परवडतो.

या सोयीचे मोल कोणाला? पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते चटकन उमगेल. लहान आगगाड्यांचा छंद हा पोरखेळ नसून ती चिकाटीची साधना आहे. एच-ओ या प्रचलित प्रमाणात खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग घ्यावयाचा असतो. म्हणजे २० मीटर लांबीचा डबा २३ सेंटिमीटरांत बसवावयाचा. आता समजा, फार पूर्वी मोडीत निघालेल्या एखाद्या शाखामार्गावरच्या डब्यावर कोणाचा जीव जडला आहे. खेळण्यांचा कारखानदार तो डबा कधीच काढणार नाही. साच्याचा खर्च निघावयाचा तर हजारो नग खपले पाहिजेत, आणि तो डबा हवा असणारी माणसे जगात असतील चाळीस-पन्नास. शेपवेजने नेमकी या चाळीस-पन्नासांची सोय केली. जुनी छायाचित्रे न्याहाळून, मापे जुळवून रात्री जागवणाऱ्या रचनाकाराला तेथे आपले दुकान मांडता येई, छपाईच्या खर्चावर स्वतःचा मोबदला आकारता येई, आणि मागणी येईल तेव्हाच वस्तू घडे. माल पडून राहण्याची भीती नव्हती.

ही कंपनी २००७ साली नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे फिलिप्सच्या छत्राखाली जन्मली, २०१० मध्ये तिने आपले ठाणे न्यूयॉर्कला हलवले आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात दाखल झाली. तेथेच तिच्या प्रकृतीला न मानवणारा आहार सुरू झाला असे म्हणावे लागेल. चाळीस-पन्नास गिऱ्हाइकांच्या गरजा भागवणारा धंदा संथपणे, पण वर्षानुवर्षे चालू शकतो; शेअर बाजाराला मात्र दर तिमाहीस वाढ हवी असते. कंपनीने उद्योगांच्या मोठ्या कामांकडे मोहरा वळवला, परंतु वार्षिक विक्री ३.३ ते ३.५ कोटी डॉलरांच्या आसपास रेंगाळली आणि तोटा काही थांबेना. अखेर अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली अर्ज झाला. त्याचा अर्थ धंदा सावरणे नव्हे, तर धंदा आवरून मालमत्ता विकणे. त्याच वेळी संचालक आणि वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले.

या मालमत्तेत यंत्रे आली, इमारतीतील सामान आले, येणी आली. पण त्याच कंपनीच्या संगणकांत रचनाकारांचे आराखडेही होते. त्यांची मालकी रचनाकारांचीच होती, याविषयी वाद नाही. वाद आहे तो ताब्याचा. पूर्वी गावोगावच्या छापखान्यांत शाळेच्या बोधचिन्हाचा ब्लॉक ठेवलेला असे. ब्लॉकचे पैसे शाळेने भरलेले. तेव्हा छापखाना बंद होऊ लागला तर मुख्याध्यापक शिपायाला पाठवून तो मागवून घेऊ शकत. ब्लॉक डोळ्यांना दिसे, हातात मावे. संगणकातील आराखड्याचे तसे नाही. विजेचे बिल थकले, यंत्र बंद झाले, की मालकी कागदावर राहते आणि वस्तू अदृश्य होते. ज्याने घरी नक्कल ठेवली तो निभावला. ज्याने कंपनीच्या कोठारालाच आपली तिजोरी मानले, त्याने दाद कोणाकडे मागावी?

यावर कोणी म्हणेल की, बुडत्या कंपनीकडे पगाराला पैसे नसतात, तेथे छांदिष्टांच्या फायली परत करीत बसण्याचा खर्च कोणी सोसावा? आक्षेप रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नाही. २०१२ साली छायाचित्रांच्या क्षेत्रातील कोडॅक ही बलाढ्य कंपनी दिवाळखोरीच्या आश्रयाला गेली, तेव्हा तिची इंटरनेटवरून छायाचित्रे छापून देणारी शाखा शटरफ्लाय या प्रतिस्पर्धी कंपनीला विकण्यात आली. त्यावेळी ग्राहकांना आधी कळवण्यात आले आणि ज्यांनी नकार दिला नाही त्यांची छायाचित्रे नव्या घरी हलवण्यात आली. म्हणजे दिवाळखोरीतही ठेवीची बूज राखता येते. अर्थात कोडॅकपाशी विकत घेणारा होता आणि वेळही होता. जेथे दोन्ही नसतील, तेथे कायद्यानेच मार्ग दाखवला पाहिजे.

असा मार्ग दाखवणारा एक देश आहे. लक्झेंबर्ग या चिमुकल्या राष्ट्राने २०१३ साली आपल्या व्यापारी कायद्यात दुरुस्ती करून, दिवाळखोर कंपनीच्या संगणकांतील आपली माहिती परत मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला. ती माहिती वेगळी काढता येण्याजोगी असावी आणि काढण्याचा खर्च मागणाऱ्याने सोसावा, एवढीच अट. खर्चाच्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही तत्त्व मान्य केले आहे: दुसऱ्याच्या मालकीची, केवळ कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही. तथापि आराखडा म्हणजे गोदामातील पेटी नव्हे. अवसायकाने ग्राहकांना पूर्वसूचना द्यावी, ठरावीक मुदतीपर्यंत संगणक चालू ठेवावेत, मागेल त्याला त्याची ठेव परत करावी, अशी निःसंदिग्ध तरतूद झाली तरच त्या तत्त्वाला अर्थ राहील.

शेपवेजची कहाणी येथे संपली नाही, हे सांगितले पाहिजे. २०२४ च्या अखेरीस तिच्या काही संस्थापकांनी नेदरलँड्समधील मालमत्ता विकत घेऊन आइंडहोवनहून काम पुन्हा सुरू केले. जेथे रोप रुजले तेथेच ते पुन्हा फुटले. पण ग्राहकांचे हित अशा योगायोगावर अवलंबून राहू नये. आपणही मुलांची छायाचित्रे, शाळेचे निकाल, प्रबंधांचे मसुदे अशाच कोणाच्या तरी कोठारात ठेवून निर्धास्त झालो आहोत. कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत त्यांची एक नक्कल आपल्या घरी ठेवावी. आणि ज्यांनी लोकांची ठेव सांभाळण्याचा धंदा पत्करला आहे, त्यांनी दुकानाची फळी लावण्यापूर्वी ती ज्याची त्याला परत करावी. एवढी रीत आपल्या गावच्या छापखानेवाल्याकडूनही अपेक्षित असे.