वणव्यात भाजलेल्या शेळीला कोण बघणार?

फाल्गुन-चैतात चाकणपासून भीमाशंकरापर्यंत डोंगर पेटतात. वणवा लागला की पहिलं बोट ठाकर-कातकऱ्यांकडं. आणि डहाळ्या घेऊन विझवायला पळणारेही आपणच!

शहरातली काही पोरं स्वखुशीनं औषधं घेऊन डोंगरात येतात, भाजलेला ससा, घोरपड वाचवतात. आम्हाला त्यांचं कौतुकच आहे. पण तापल्या राखेतून चाललेल्या आपल्या शेळीचं काय? तिचा खूर पहिल्या दिवशी धड दिसतो, काही दिवसांनी सुटून येतो. तोवर डॉक्टर निघून गेलेले असतात. म्हणून आमचं म्हणणं, येणाऱ्यांनी आधी ग्रामसभेला भेटावं, गावातल्या दोन-चार पोरापोरींना मलमपट्टी शिकवावी, आठवड्यानं परत यावं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग विचारायचं कुणाला, हे स्पष्टच आहे.

तोवर एवढं करा. जनावर भाजलं की लगेच साधं गार पाणी ओतत राहा, सावलीत बांधा. तेल, हळद, शेण लावू नका. सरकारी फिरत्या दवाखान्याला १९६२ वर फोन लावा, रानातल्या जनावरासाठी वनखात्याच्या १९२६ वर. आणि मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरू नका.