यदृच्छेचे गणित

नरडाण्याच्या शेतकऱ्याला संभाव्यतेचे गणित कोणी शिकविलेले नसते. तरी दरसाल तो तेच मांडीत असतो. मृगात बी टाकावे, की आर्द्रेची वाट पाहावी? शिंदखेडा तालुक्यातील पाऊस कोणाचा बांधील नाही. मात्र हवेच्या प्रत्येक कणाची गती कळती, तर पाऊसही कळला असता, अशी अभिजात भौतिकशास्त्राची श्रद्धा होती. परमाणूची गोष्ट निराळी. किरणोत्सारी परमाणू केव्हा फुटेल, हे निसर्गातच ठरलेले नसते, असा पुंजयामिकीचा प्रचलित अर्थ आहे. १९६४ मध्ये बेल यांनी या वादाला कसोटी सुचविली. तिच्यावरील प्रयोगांसाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर व त्साइलिंगर यांस मिळाले.

आणि तरीही दोहोंचे गणित सख्खे शेजारी! पाण्यात पसरणाऱ्या शाईच्या समीकरणात काळाऐवजी काल्पनिक काळ घातला, की श्रोडिंगर यांचे समीकरण हाती येते. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की पावसाच्या शक्यता एकमेकींत मिळविल्या जातात. परमाणूच्या शक्यता एकमेकींस खोडूही शकतात.

या गणितात एक मराठी नाव आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी आपणांस ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना १९४३ मध्ये त्यांनी दाखविले, की यादृच्छिक प्रक्रियेचा आलेख ठराविक वक्रांच्या बेरजेत उलगडता येतो. योगायोगाने बदलते ते प्रत्येक वक्राचे प्रमाण. जून ते सप्टेंबरच्या पावसाचा आलेख दरसाल वेगळा, पण त्याचे घटक तेच. कारूनेन व लोएव्ह यांनी हेच पुढे स्वतंत्रपणे मांडले, आणि पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ नावे राहिली ती त्यांची. प्राचीन नाण्यांकडेही कोसंबींनी याच दृष्टीने पाहिले. नाणे जितके हातांतून फिरते, तितके सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन २०३०-३१ पर्यंत सुमारे ६,००३ कोटी रुपये योजिले. यंत्रे येतील, यात शंका नाही. पण पुंजसंगणकाला ग्रासणारा गोंगाट ही यादृच्छिक प्रक्रियाच होय. तो ओळखणारी माणसे यंत्रांबरोबर खोक्यातून येत नाहीत. ती केवळ पवईतच घडावीत, असा काही नियम आहे काय? १९४३ च्या त्या निबंधाला प्रयोगशाळा लागली नव्हती. जळगावच्या विद्यापीठाने संख्याशास्त्र व भौतिकशास्त्र या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांस एका वर्गात बसवून हा विषय शिकवावा, आणि पहिला अभ्यास म्हणून खानदेशातील पावसाच्या नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात, अशी आमची सूचना आहे.