स्वयंचलित पंप आणि शेतकऱ्याची नजर

विहिरीवर मोट चालत असे त्या काळी पाण्याला आपोआप मर्यादा पडे. एक जण बैल हाकी, दुसरा शेतात दारे धरी. बैल थकले की पाणी थांबे. आणि कोणत्या वाफ्यात किती पाणी मुरले, हे दारे धरणाऱ्याच्या पायांनाच कळे. पुढे तेलाचे इंजिन आले, मागाहून विजेचा पंप आला. आता स्वयंचलित स्टार्टरमुळे वीज येताच पंप आपला आपण सुरू होतो. मोबाईलवरून तो घरबसल्या चालू वा बंदही करता येतो.

ही सोय स्वागतार्ह आहे. अनेक भागांत कृषिपंपांना वीज पाळीने मिळते व ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. अंधारात विहिरीकडे जाताना सापा-विंचवाचे, कोठे कोठे बिबट्याचे भय असते. केवळ कळ दाबण्यासाठी शेतकऱ्याने हा धोका पत्करावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या निमित्ताने शेताकडे जे पाहणे होत असे, तेही बंद पडले तर नुकसान शेतकऱ्याचेच आहे.

पहिले नुकसान जमिनीचे. पंप रात्रभर चालतो. पाट फुटला तरी कोणास कळत नाही. भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. जादा पाण्याने भूजल वर चढते, त्यासोबत क्षार वर येतात आणि जमीन नापीक होते. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यावर हेच घडले. तेथील क्षारपड जमिनींची पाहणी मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने १९१० च्या सुमारास केली होती. त्या वेळी स्वयंचलित यंत्रे नव्हती. दोष अतिरिक्त पाण्याचा होता. आज यंत्राने तीच चूक करणे अधिक सोपे केले आहे, इतकेच.

दुसरे नुकसान साऱ्या गावाचे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. वीज येताच रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू झाले, तर तो भार रोहित्रास सोसत नाही. ते जळाले की ज्याच्या पंपाला स्वयंचलित स्टार्टर नाही, त्याचेही पीक वाळते.

यास्तव ग्राम कार्यकर्त्यांनी एका रोहित्रावरील शेतकऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येक पंप थोड्या थोड्या अंतराने सुरू होईल अशी वेळ लावून घ्यावी. कपॅसिटर बसविण्याचाही आग्रह धरावा. विहिरीतील पाणी संपताच पंप बंद पडेल, अशी व्यवस्था स्टार्टरमध्ये असावी.

शेतकरी बंधूंनी दिवसा उजेडी शेतात एक फेरी अवश्य मारावी. मुळांच्या थरातील मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा गोळा होऊन हाताला ओल लागत असेल, तर पाण्याची पाळी लांबवावी. गोळा न होता माती भुरभुर गळाली, तर पाणी द्यावे. वाफसा आहे की नाही, हे स्टार्टरला कळत नाही. त्याला केवळ वीज आल्याचे कळते.

कळ दाबण्याचे काम यंत्राकडे खुशाल सोपवावे. पाणी किती व केव्हा द्यावयाचे, हा निर्णय मात्र शेतकऱ्याने आपल्या हाती ठेवावा.