निपाणीचा हृद्रोगी आणि दोन राज्यांची दप्तरे

नामदार आरोग्यमंत्री, कर्नाटक शासन, बेंगळुरू यांस,



ज्या तंबाखूच्या व्यापारावर निपाणीचा लौकिक उभा राहिला, जिच्या विड्या वळता वळता इथल्या बायांच्या पिढ्या वाकल्या, आणि जिच्या दरासाठी 1981 साली शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून गोळ्या झेलल्या, त्या तंबाखूचे हृदयाशी असलेले वैर वैद्यकाने निर्विवाद सिद्ध केले असल्यामुळे, या मुलखाने हृद्रोगाच्या उपचाराची मागणी करणे ही चैन कोणी समजू नये.

गरीब देशाने धमनीत नळी घालण्याच्या खर्चिक उपचारांच्या नादी लागावे काय, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी त्याज्य नाही. स्थिर दुखण्यात स्टेंट घातल्याने केवळ औषधांहून आयुष्य वाढत नाही, हे 2007 साली ‘करेज’ चाचणीने दाखवले; तसल्या स्टेंटांवर सरकारी तिजोरी रिती करणे मलाही नामंजूर आहे. परंतु धमनी एकाएकी बंद पडून झटका येतो, तेव्हा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तत्काळ देऊन 3 ते 24 तासांच्या आत रोग्यास कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमनीतील अडथळा उघडणाऱ्या कक्षात, पोहोचवणे हा प्राणरक्षणाचाच भाग ठरतो. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांशी अशी जोडल्यावर, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा 17.6 वरून 14.2 वर आले. आणि त्याच वर्षी केंद्राने औषधयुक्त स्टेंटची किंमत सुमारे 30,000 रुपयांवर बांधल्याने खर्चाची सबबही लंगडी झाली.

आपल्या ‘हृदयज्योती’ योजनेने इंजेक्शनची तजवीज केली, हे कृतज्ञतेने नमूद करतो. अडचण पुढल्या प्रवासाची आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. तरीही रोगी कोणत्या दिशेस न्यावा, हे अंतरापेक्षा कोणत्या राज्याच्या आरोग्य योजनेचे कार्ड कुठे चालेल यावर ठरावे काय? महाराष्ट्राने 2023 साली आपली जनआरोग्य योजना स्वतःचा हक्क सांगितलेल्या कर्नाटकातील सीमाभागाच्या 865 गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. त्या हरकतीमागील राजकारण मी जाणतो, पण छातीत कळ आलेल्या माणसास त्यात पक्षकार करण्याचे प्रयोजन मला उमगलेले नाही.

तेव्हा दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी लेखी करार करावा. झटक्याचा रोगी जवळच्या कॅथ लॅबमध्ये विनाअट घ्यावा, बिलांची रुजवात मागाहून दप्तरी व्हावी, आणि तसा हुकूम 108 रुग्णवाहिकांच्या चालकांना कन्नड व मराठी दोन्हींत मिळावा. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून चाललेल्या सीमादाव्यास या कराराने कोणताही बाध येणार नाही, असे कलम त्यात अवश्य घालावे.

आपला नम्र,
निपाणीचा एक रहिवासी